जाड मुलांना पी.टी.च्या तासातून सूट देऊ नका

मा. शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि राज्यातील सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी शाळा सुरू होऊन स्थिरावल्या की माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञांकडे एका दाखल्याची मागणी येऊ लागते. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला घेऊन पालक येतात आणि सांगतात की, मैदानावर धावायला लावले की याला धाप लागते, बाकीची मुले हसतात, तर पी.टी.च्या तासातून सूट मिळेल असे काहीतरी लिहून द्या. मूल खाली मान घालून बसलेले असते. वजन वयाच्या मानाने बरेच जास्त असते आणि त्याखेरीज तपासण्यात दुसरे काही सापडत नाही. पुष्कळदा असा दाखला मिळतोही, कारण तो लिहायला दोन मिनिटे लागतात, पालकांचे समाधान होते, शाळेची जबाबदारी टळते आणि मुलाची रोजच्या अपमानातून सुटका होते. मात्र ज्या मुलाला व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच या दाखल्यामुळे वर्षभर झाडाखाली दप्तरे राखत बसते.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच की, लठ्ठ किशोरवयीन मुलांसाठी व्यायाम कशासाठी असतो याविषयी शाळांत, घरांत आणि काही अंशी आम्हा डॉक्टरांतही एक अपुरी समजूत रुजली आहे. व्यायाम वजन उतरवण्यासाठी करायचा, आणि वजन उतरत नसेल तर तो निष्फळ, असे मानले जाते. तीन महिने घाम गाळून काटा तिथेच राहिला की मूल, पालक आणि शिक्षक तिघेही हात टेकतात. प्रत्यक्षात या मुलांच्या शरीरात एक मंद दाह (इन्फ्लमेशन), म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेची धुमसती प्रतिक्रिया, चालू असतो, तो काट्यावर दिसत नाही, आणि व्यायामाचा एक मोठा उपयोग त्या दाहावर होतो. वजन फारसे न हलताही तो होऊ शकतो. शाळेच्या वेळापत्रकात यामुळे काय बदलायला हवे ते सांगण्याआधी हा दाह काय आहे ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ते समजल्याशिवाय पुढच्या मागण्या अवास्तव वाटतील.

चरबी म्हणजे जास्तीच्या ऊर्जेचे कोठार, यापलीकडे तिला काही काम नाही, असे वैद्यकशास्त्रातही गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वसाधारणपणे मानले जात असे. १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह निर्माण करणारे द्रव्य तयार होत असल्याचे, आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणत असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले आणि चरबी हा एक सक्रिय अवयव आहे हे मान्य करावे लागले. २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. लठ्ठपणात चरबीच्या ऊतींमध्ये मॅक्रोफेज नावाच्या, एरवी जंतूंशी लढणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने गोळा होतात. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात, आणि त्या मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेज कडे करून बसतात. जंतुसंसर्गात ज्या यंत्रणेने काही दिवस काम करून थांबायचे, ती इथे महिनोन्‌महिने चालू राहते, कारण तिला थांबवणारा शेवट येतच नाही.

या पेशींतून आणि फुगलेल्या चरबीतून बाहेर पडणारी द्रव्ये रक्तावाटे यकृतात पोहोचतात, आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सर्वांच्या ओळखीचे सीआरपी, अधिक प्रमाणात तयार करू लागते. न्यूमोनियासारख्या आजारात सीआरपी शेकडो पटींनी वाढते. लठ्ठपणात ते लिटरला काही मिलिग्रॅम इतकेच वर राहते, म्हणून याला कमी तीव्रतेचा दाह म्हणतात. मंद आचेवर ठेवून विसरलेल्या भांड्यासारखी ही अवस्था असते. ताप नाही, वेदना नाही, लाली नाही, आणि मुलाला काही होते आहे याची कोणाला शंकाही येत नाही. मोठ्या माणसांच्या हृदयविकाराचा अंदाज बांधताना अतिसंवेदनशील सीआरपी चाचणीत लिटरला १ मिलिग्रॅमखाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धोका मानतात. ८ ते १६ वर्षे वयाच्या अमेरिकी मुलांच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि अतिवजनाच्या मुलांत वाढलेले सीआरपी इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते हे त्यात दिसले. म्हणजे ज्या प्रक्रियेची चर्चा आपण पन्नाशीतल्या माणसांच्या संदर्भात करतो, ती शाळेच्या बाकावरच सुरू झालेली असते.

या दाहाचे परिणाम हळूहळू उमटतात. इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन तयार करते. मानेमागे आणि काखेत काळपट, मखमली, जाडसर त्वचा दिसू लागते, ती या वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. घरी मात्र तो मळ समजून मूल रडेपर्यंत घासला जातो. यकृतात चरबी साठते. मुलींची पाळी अनियमित होते आणि पीसीओडी या बीजाशयाच्या विकाराचे निदान शाळेतच होऊ लागते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची गरजेनुसार सैल होण्याची क्षमता कमी होते. सर्वच लठ्ठ मुलांत हे सारे होते असे नाही, काहींचे रक्त निर्दोष असते. पण कोणाचे कसे आहे हे बाहेरून बघून कळत नाही.

आपल्याकडे तर नुसत्या वजनावरूनही पुरते कळत नाही, आणि हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून देणारे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथल्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि एकूण आकाराने बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने बरीच राखलेली होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ असला तरी शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली मुलांचे वाढीचे तक्ते नव्याने आखताना अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडली, ती पाश्चात्य देशांतल्या २५ आणि ३० पेक्षा खाली आहे. तुमच्या वर्गातला ‘जरा अंगाने भरलेला’, खात्यापित्या घरचा म्हणून कौतुकाने पाहिला जाणारा मुलगा या तक्त्यावर बहुधा अतिवजनात मोडेल.

अशी मुले किती आहेत? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के वाजवीपेक्षा बारीक आणि ५ टक्के अतिवजनाची आढळली, आणि याच वयोगटातली सुमारे १० टक्के मुले मधुमेहपूर्व अवस्थेत होती. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण तो अतिवजनाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात ५ ते १९ वर्षांची सुमारे १ कोटी २५ लाख मुले लठ्ठ होती. १९९० मध्ये ही संख्या ४ लाखांच्या आसपास होती. कुपोषणाशी लढणाऱ्या राज्यात लठ्ठपणाची चर्चा ही श्रीमंतांची चैन आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. पण आईच्या पोटात आणि बालपणी अपुरे पोषण मिळालेले मूल पुढे बैठ्या दिनक्रमात आणि तळकट, गोड खाण्यात वाढले की धोका अधिक वाढतो, हे पुण्याच्याच अभ्यासांनी शिकवले आहे. दोन्ही प्रश्न एकाच वर्गात, कधी कधी एकाच मुलाच्या आयुष्यात असतात.

आता व्यायामाकडे वळतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तोसुद्धा रक्तात काही द्रव्ये सोडतो, आणि त्यांतले सर्वांत अभ्यासलेले द्रव्य इंटरल्यूकिन-६ हे आहे. ते चरबीतूनही येते आणि तिथे ते दाहाच्या बाजूचे मानले जाते, म्हणून सुरुवातीला संशोधकही गोंधळले होते. कोपनहेगनमधील बेंटे पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुंता सोडवला. चरबीतून येणारे इंटरल्यूकिन-६ रात्रंदिवस थोडे थोडे, टीएनएफच्या सोबतीने येत राहते. स्नायूतून येणारे व्यायामाच्या वेळी झपाट्याने चढते, दीर्घ व्यायामात शंभर पटींपर्यंतही जाते, टीएनएफला सोबत आणत नाही आणि विश्रांती घेताच उतरते. उतरताना मात्र ते दाह शमवणारी दुसरी द्रव्ये वाढवून जाते. त्यांच्याच एका प्रयोगात निरोगी तरुणांना जिवाणूंचे विष अत्यल्प मात्रेत टोचले. स्वस्थ बसून राहिलेल्यांच्या रक्तात टीएनएफ वाढले, तर आधी तीन तास सायकल चालवलेल्यांच्या रक्तात ही वाढ दाबली गेली. २०१९ साली त्याच शहरातून आणखी एक अभ्यास आला. पोट सुटलेल्या प्रौढांनी १२ आठवडे व्यायाम केला तेव्हा पोटाच्या आतली चरबी कमी झाली, पण ज्यांना इंटरल्यूकिन-६ चे काम रोखणारे औषध दिले होते त्यांची ती कमी झाली नाही. तितकाच घाम गाळूनही स्नायूचा निरोप पोचला नाही, म्हणून चरबी जागची हलली नाही. खर्च झालेल्या कॅलरींचा हिशेब मांडून व्यायाम समजत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

याशिवाय नियमित व्यायामाने पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी आधी घटते, आणि दाहाच्या दृष्टीने सर्वांत उपद्रवी चरबी तीच असते. स्नायू इन्सुलिनची फार मदत न घेता साखर उचलू लागतात. मुलाचे वजन तेवढेच राहू शकते, कारण त्याच काळात त्याचे स्नायू आणि हाडे वाढत असतात, उंचीही वाढत असते. किशोरवयात काट्याचा आकडा इतका दिशाभूल करणारा असतो तो त्यामुळेच.

लठ्ठ किशोरांवरच झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि ते एकसारखे आहेत असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मनीत ६७ लठ्ठ मुलामुलींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिने आठवड्यातून तीनदा पोहणे, सांघिक खेळ आणि चालणे असा कार्यक्रम होता. व्यायाम करणाऱ्या गटात सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही दाहाची दोन्ही चिन्हे उतरली, रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण सुधारले, मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडीदेखील कमी झाली. वजनाचे प्रमाण त्यांच्यात थोडे सुधारले होते. याउलट २००४ साली अमेरिकेत झालेल्या एका लहान अभ्यासात आठ आठवडे स्थिर सायकल चालवून सीआरपी जागचे हलले नाही, मात्र रक्तवाहिन्यांचे काम त्यातही सुधारले. पिट्सबर्ग येथे लठ्ठ किशोरवयीन मुलग्यांना आहारात कपात न करता तीन महिने व्यायाम दिला गेला. काहींना चालण्या-धावण्याचा, काहींना वजने उचलण्याचा. २०१२ साली आलेल्या या अभ्यासात दोन्ही गटांची पोटातली आणि यकृतातली चरबी घटली, आणि वजने उचलणाऱ्या गटात इन्सुलिनची परिणामकारकता सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. व्यायाम न करणाऱ्या गटाचे वजन या काळात वाढत गेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या संशोधकांनी लठ्ठ किशोरांवरच्या दीर्घ कार्यक्रमातून दाखवले की, धावण्या-चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तर दाहाची चिन्हे आणि पोटातली चरबी यांवर नुसत्या धावण्या-चालण्यापेक्षा अधिक परिणाम होतो. कॅनडातील ओटावा येथे १४ ते १८ वर्षांच्या ३०४ मुलामुलींवर २२ आठवडे झालेल्या प्रयोगातही ताकदीच्या व्यायामाने शरीरातील चरबीचे प्रमाण घटवले.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा. आठ आठवड्यांत रक्तातला दाह उतरेलच असे कोणी सांगू नये. अनेक महिने सातत्य राहिले, आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेपर्यंत हालचाल झाली आणि तिला स्नायूंच्या ताकदीच्या व्यायामाची जोड मिळाली, तर दाह उतरण्याची शक्यता चांगली आहे. आणि तो रक्तात मोजण्याइतका उतरला नाही तरी रक्तवाहिन्या, यकृत आणि इन्सुलिन यांना लाभ होतोच. एका औषधाने एवढे केले असते, तर ते मिळावे म्हणून पालकांनी दवाखान्यांपुढे रांगा लावल्या असत्या.

इथून पुढे शाळांशी बोलतो.

मुख्याध्यापकांना माझी पहिली विनंती पी.टी.च्या तासाविषयी आहे. वेळापत्रकात तो छापलेला असतो. गणिताचा, विज्ञानाचा पोर्शन मागे पडला की तो सर्वांत आधी जातो, आणि दुसऱ्या सत्रात दहावीच्या वर्गाला तर तो पाहायलाही मिळत नाही. शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय असल्यामुळे टक्केवारीवर परिणाम होत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. व्यायामाचा दाहावरचा परिणाम साठवून ठेवता येत नाही. व्यायाम थांबला की इन्सुलिनची सुधारलेली परिणामकारकता थोड्या दिवसांतच ओसरू लागते. जून ते ऑक्टोबर खेळून नोव्हेंबर ते एप्रिल बसून काढणारे मूल दरवर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी अशी आहे, आणि जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींत हे प्रमाण आणखी जास्त आहे. शाळेने ६० मिनिटे द्यावीत असा माझा आग्रह नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ७ ते ११ वर्षांच्या २२२ अतिवजनाच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात शाळा सुटल्यावर रोज ४० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांना अधिक लाभ झाला, पण रोज २० मिनिटेच करणाऱ्यांची इन्सुलिनची स्थितीही सुमारे तीन महिन्यांत सुधारली. आपल्या शाळांचा एक तास साधारण ३५ ते ४० मिनिटांचा असतो. तो तास रोज मिळाला आणि खरोखर हालचालीत गेला, तर या मुलांसाठी पुष्कळ झाले.

दुसरी विनंती त्या तासात काय घ्यावे याविषयी आहे, आणि ती करताना क्रीडाशिक्षकांच्या अनुभवाचा मला पूर्ण आदर आहे. बहुतेक ठिकाणी तास मैदानाला फेऱ्या मारून सुरू होतो. लठ्ठ मूल त्यात शेवटी येते, रोज येते, सर्वांदेखत येते, आणि पंधरवड्यात त्याला पोटदुखी सुरू होते. हेच मूल ताकदीच्या कामात मात्र बहुधा वर्गातल्या बारीक मुलांच्या पुढे असते, कारण इतके वजन रोज वागवून त्याचे स्नायू कणखर झालेले असतात. रस्सीखेच, भरलेला चेंडू फेकणे, बैठका, भिंतीला हात टेकून किंवा गुडघे टेकून मारलेले जोर, कबड्डीतली पकड यांपासून त्याची सुरुवात झाली तर आठवड्याभरात त्याच्याकडे बघण्याची वर्गाची नजर बदलते. पिट्सबर्ग आणि ओटावाच्या निष्कर्षांमुळे या क्रमाला आता शास्त्राचाही आधार आहे. लेझीम तर मला या मुलांसाठी फार मोलाची वाटते. तिच्यात पहिला-शेवटचा कोणी नसतो, उठबस आणि वाकणे ताशा-हलगीच्या लयीत होत असल्याने थकवा उशिरा जाणवतो, साहित्य स्वस्त असते आणि मुलीही संकोच न करता उतरतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनापुरती ती कपाटाबाहेर निघते, हे आपले नुकसान आहे. सूर्यनमस्कार घ्यावेत, पण पोट मोठे असलेल्या मुलाला ते हळू, मोजके आणि सोयीने बदललेल्या आसनांनी घेऊ द्यावेत, संख्येची चढाओढ लावू नये.

काही पथ्ये शाळांनी काटेकोरपणे पाळावीत. उठाबशा, फेऱ्या, कोंबडा यांसारख्या शिक्षा पूर्ण बंद व्हाव्यात, कारण ज्या हालचालीशी अपमान जोडला जातो ती मूल आयुष्यभर टाळते. वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने पुकारणे बंद व्हावे. ‘जाड्या’, ‘ढोली’ ही संबोधने शिक्षकांच्या तोंडून तर कधीच येऊ नयेत. मुलींना पाळीच्या दिवसांत सक्ती नको आणि सरसकट बंदीही नको. स्वच्छतागृहात पाणी आणि खेळताना अवघडल्यासारखे होणार नाही असा गणवेश असेल तर बहुतेक मुली स्वतःहून येतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात तास सकाळी घ्यावा आणि पाण्यासाठी मधे थांबावे, कारण लठ्ठ मुलांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. दमा असलेल्या मुलाचा पंप दप्तरात न राहता मैदानावर असावा. आणि एक गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असायलाच हवी. लठ्ठ किशोरवयीन मूल मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणून लंगडू लागले, तर ते नाटक समजू नये आणि मालीशही करू नये. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे वरचे, वाढते टोक जागेवरून सरकलेले असू शकते. अशा मुलाला लगेच चालणे थांबवायला लावून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

शालेय शिक्षण विभागाकडे मी तीन गोष्टी मागतो. माध्यमिक वर्गांना रोजचा शारीरिक शिक्षणाचा तास दहावीसह सर्व सत्रांत देणे बंधनकारक करणारे परिपत्रक निघावे, आणि शाळा तपासणीत तो तास प्रत्यक्ष होतो की नाही हे मुलांना विचारून पाहिले जावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०१८ साली नववी ते बारावीसाठी असा रोजचा तास ठरवला आहे, तेव्हा आपल्या मंडळाला ते अशक्य असण्याचे कारण नाही. पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नसलेल्या शाळांतील पदे भरली जावीत. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवे असे २००९ सालीच म्हटले आहे, पण मैदानावर उभे राहणारे माणूस नसेल तर ती मोकळी जागाच राहते. तिसरी मागणी खेळातल्या सवलतीच्या गुणांविषयी आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलांना ते मिळतात, मिळायलाही हवेत. पण जे मूल कोणत्याही संघात निवडले जाणार नाही त्याच्या वर्षभराच्या उपस्थितीची आणि स्वतःच्या मागच्या कामगिरीपेक्षा झालेल्या प्रगतीची नोंद शारीरिक शिक्षणाच्या श्रेणीत ठळकपणे व्हावी. जूनमध्ये पाच बैठकांत थकणारी मुलगी जानेवारीत पंचवीस काढत असेल, तर तिची श्रेणी शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलीइतकीच असावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आरोग्य विभागाशी समन्वय ठेवून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीतही एक सुधारणा करता येईल. २०१३ साली या कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती. तपासणी पथक उंची आणि वजन घेतेच. त्यासोबत कंबरेचा घेर, मानेमागची त्वचा आणि रक्तदाब पाहिला, तर ज्या मुलांना पुढच्या तपासणीची गरज आहे ती लवकर लक्षात येतील. शाळाशाळांत मुलांचे सीआरपी तपासण्याची मोहीम मात्र कोणी काढू नये. साधी सर्दी, किडका दात किंवा गुडघ्यावरची पिकलेली जखमही ते वाढवते, एका आकड्यावरून एका मुलाविषयी काही ठरवता येत नाही, आणि घाबरलेल्या पालकांचा पैसा प्रयोगशाळांत जाईल. तो पैसा दोऱ्या, भरलेले चेंडू आणि लेझीम घ्यायला वापरावा.

व्यायामाने सर्व साध्य होईल असे मी म्हणत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट आणि तळकट पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० सालापासून आहे आणि त्याची अंमलबजावणी व्हायला हवी. पहाटेची शिकवणी आणि रात्रीचा मोबाइल यांत हरवलेली झोप हाही दाह वाढवणारा भाग आहे. पण घरचे खाणे आणि झोप शाळेच्या हातात पूर्णपणे नाहीत, पी.टी.चा तास मात्र आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही या निमित्ताने सांगायचे आहे. केवळ वजन जास्त आहे म्हणून व्यायामातून सूट देणारा दाखला आपण लिहू नये. त्या जागी मुलाला काय झेपेल, कशाने सुरुवात करावी, काय टाळावे आणि कधी थांबवावे, हे क्रीडाशिक्षकांना उद्देशून चार ओळींत लिहून द्यावे. शाळांनीही आमच्याकडून सूट देणारा दाखला आला तर कारण विचारावे, आणि नुसते ‘लठ्ठपणा’ असे लिहिले असेल तर तो परत पाठवावा. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आखायला बसण्यापूर्वी या पत्रातील मागण्यांवर विभागाने बालरोगतज्ज्ञ, क्रीडाशिक्षक आणि मुख्याध्यापक यांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती. दाखल्याच्या जागी द्यायच्या त्या चार ओळींचा नमुना मराठीत तयार करून देण्याची जबाबदारी मी आणि माझे सहकारी आनंदाने घेऊ.

आपला नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ